फ्रीमनच्या १६० एकरांवर: नेब्रास्कातलं होमस्टेड उद्यान बघायला जाण्याआधी

नेब्रास्कातल्या लिंकन शहरात राहायला आलो त्याच जुलैत आम्ही होमस्टेड उद्यान, म्हणजे सरकारने लोकांना फुकट वाटलेल्या जमिनीची आठवण जपणारं उद्यान, ‘उरकलं’. भर दुपारी दीडला पोचलो, इमारतीत एसीची हवा खाल्ली, ओंडक्यांच्या घरासमोर फोटो काढले, गवतात पन्नासेक पावलं गेलो आणि घामाने निथळत गाडीत येऊन बसलो. पाऊण तासात सगळं आटोपलं. रात्री पोटरीवर गोचीड सापडली. आणि ज्या घराला आम्ही ‘अमेरिकेतल्या पहिल्या होमस्टेडरचं घर’ असं लिहून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, ते त्याचं नव्हतंच, हे दोन वर्षांनी कळलं.

दोन वर्षांनी म्हणजे आई आणि अण्णा आले तेव्हा. अण्णांची सगळी नोकरी तलाठ्याची. सहलीला कुठे नेऊ विचारलं तर डोंगर, धबधबे, कॅसिनो काहीच त्यांना नको होतं. “सरकारने फुकट जमीन वाटली ती जागा इथेच कुठेतरी आहे ना?” ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गेलो आणि तब्बल सहा तास तिथे होतो. त्यानंतर पाहुण्यांना घेऊन चार-पाचदा जाणं झालं. तुमचा पाऊण तास वाया जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

## १. तिथे नेमकं काय आहे ते घरीच समजून घ्या

ही पायरी गाळलीत तर तिथे गवत आणि एक इमारत एवढंच दिसेल. अगदी खरं सांगतो.

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वय २१ पूर्ण असेल किंवा माणूस कुटुंबप्रमुख असेल, तो नागरिक असेल किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवला असेल आणि अमेरिकेविरुद्ध त्याने शस्त्र उचललेलं नसेल, तर त्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा सांगता येत असे. एकट्या बाईलाही सांगता येई. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि दोन साक्षीदार उभे करून ते सिद्ध करायचं. फीचा खर्च सगळा मिळून १८ डॉलर. पुढच्या सव्वाशे वर्षांत सुमारे १६ लाख लोकांनी अशी जमीन पदरात पाडून घेतली. एकूण २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या जमिनीचा जवळपास दहावा हिस्सा. शेवटच्या माणसाला अलास्कात १९८८ साली मालकीचा कागद मिळाला.

यातला पहिला दावेदार म्हणून डॅनियल फ्रीमनचं नाव घेतात. १ जानेवारी १८६३ ला मध्यरात्र उलटल्याबरोबर ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत त्याने अर्ज भरला. सैन्यातल्या कामावर लगेच परतायचं होतं म्हणून कारकुनाला गळ घालून रात्रीच कचेरी उघडायला लावली, अशी त्याची कथा सांगतात. कथेत मीठमसाला किती ते असो, त्याच्या अर्जाचा क्रमांक १ आहे एवढं नक्की. उद्यान उभं आहे ते त्याच्याच जमिनीवर. त्याचं क्षेत्र सरळ चौकोनी नाही, इंग्रजी ‘टी’च्या आकाराचं आहे. ओढ्याचं पाणी, ओढ्याकाठची झाडी आणि कसायला माळ असं तिन्ही त्यात येतं. नकाशा बघताच अण्णा म्हणाले, “गडी हुशार. पाणी धरून गट पाडलाय.”

कायदा ऐकला की आपल्याला लगेच ‘कसेल त्याची जमीन’ आठवतं. मलाही आठवलं होतं. अण्णांनी थांबवलं. कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला जमीन मालकाकडून कुळाकडे गेली. इथे सरकारने वाटली खरी, पण सरकारकडे ती आली कुठून? या भागात ओटो-मिसुरिया लोक राहत. १८५४ च्या करारात त्यांची बहुतेक जमीन गेली, दक्षिणेला बिग ब्लू नदीकाठी एक राखीव तुकडा उरला, आणि १८८१ साली तिथूनही त्यांना ओक्लाहोमात जावं लागलं. प्रदर्शनात हा भाग आहे. लोक तो पटकन ओलांडून नांगराकडे जातात. तुम्ही तसं करू नका.

एक आपल्याबद्दलचंही. अर्जदार नागरिक किंवा नागरिक होऊ शकणारा हवा, ही अट वाचायला साधी वाटते. पण नागरिकत्वाचा कायदाच तेव्हा गोऱ्यांपुरता होता, १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी खुला झाला, आणि भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्यातून बाहेरच ठेवलं. ते दार उघडलं १९४६ मध्ये. ‘अमेरिकेने सगळ्यांना फुकट जमीन दिली’ असं मुलांना सांगणार असाल तर हा तपशीलही सांगा.

## २. दिवस निवडा

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. विचारलंत तर माझं उत्तर हेच, बाकी सगळे दिवस त्यानंतर. तेव्हा गवत पूर्ण वाढलेलं असतं, रंग तांबूस झालेला असतो, उकाडा गेलेला आणि थंडी यायची असते.

मे-जून हिरवा आणि फुलांचा, पण गोचिडींचाही. शिवाय एप्रिल ते जून हा इथल्या वादळांचा मोसम आहे, टॉर्नेडोचा इशारा असेल तर घरीच बसा. जुलै-ऑगस्टात जायचंच असेल तर सकाळी लवकर चालून घ्या आणि दुपारी इमारतीत शिरा. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. हिवाळ्यात माळावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. तापमान शून्याखाली दहा आणि वर वारा, म्हणजे आई-वडिलांना घेऊन जाण्याचे दिवस नव्हेत.

वसंतात कधीकधी गवत मुद्दाम जाळतात. माळावर झुडपं माजू नयेत आणि नवं गवत जोमाने यावं म्हणून. त्यानंतर लगेच गेलात तर काळी जमीन बघायला मिळेल. आईला ते बघायला आवडलं असतं. कोकणातल्या तिच्या माहेरी राब भाजत.

थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला इमारत बंद असते. इतर दिवशीच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर बघून घ्या. प्रवेश फुकट आहे. उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो घरीच राहू द्या.

## ३. पोचायचं कसं

इथे बस नाही, रेल्वे नाही. गाडी हवीच. लिंकनहून महामार्ग ७७ ने सरळ दक्षिणेला, सुमारे ४० मैल, पाऊण-एक तास. ओमाहाहून पावणेदोन तास धरा, कॅन्सस सिटीहून तीन. गावाचं नाव बिॲट्रिस. उच्चार करताना जोर ‘ॲट’वर द्या, नाहीतर पंपावरचा माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहतो. गावाच्या पश्चिमेला चारेक मैलांवर, राज्य महामार्ग ४ ला लागून उद्यान आहे.

नकाशात शोधताना तीन फसगती होतात:

- नुसतं ‘होमस्टेड’ टाकलंत तर फ्लोरिडातलं होमस्टेड गावही पुढे येतं. एक मित्र त्याचं हवामान बघून सँडल घालून आला होता.
- उद्यान १९३६ साली ‘नॅशनल मॉन्युमेंट’ म्हणून स्थापन झालं आणि २०२१ मध्ये त्याचं नाव ‘होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’ झालं. जुनी पुस्तकं, जुन्या पाट्या, जुने लेख जुनंच नाव सांगतात. जागा एकच आहे.
- उद्यानात दोन इमारती आहेत, हेरिटेज सेंटर आणि एज्युकेशन सेंटर. तुम्हाला आधी हेरिटेज सेंटरला जायचं आहे. छताची रेघ जमिनीत घुसणाऱ्या नांगरासारखी वर उचललेली दिसली की तीच.

भारतातल्या लायसन्सवर गाडी भाड्याने घेणार असाल तर गाडी देणाऱ्यांचे नियम बुकिंगच्या आधीच विचारा. काउंटरवर पोचल्यावर वाद घालून उपयोग होत नाही, हे मी स्वतः घालून बघितलं आहे. परतताना अंधार पडणार असेल तर वेग कमी ठेवा, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

## ४. सोबत काय घ्यायचं

कागद:

- गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स आणि गाडीच्या विम्याचा कागद
- भारतातून आलेल्यांचा पासपोर्ट आणि त्यांच्या प्रवास-विम्याचं कार्ड. दवाखान्यात आधी तेच मागतात
- फ्रीमनच्या कागदांची छापील प्रत (हे पाचव्या पायरीत सांगतो, पण विसरू नका)

अंगावर आणि पिशवीत:

- पूर्ण लांबीची पँट, फिकट रंगाची, आणि उंच मोजे. पँट मोज्यात खोचायची. ध्यान दिसतं, दिसू द्या
- बंद बूट
- डीट किंवा पिकारिडिन असलेला कीटकरोधक स्प्रे
- टोकदार चिमटा
- माणशी किमान एक लिटर पाणी, टोपी, उन्हाळ्यात गॉगल
- गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी
- वेळेवर घ्यायच्या गोळ्या. गाडीत नको, खिशात

ड्रोन नेऊ नका, राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे. फुलं, बिया, गवताचे तुरे तोडून आणायलाही मनाई आहे. आईने फ्लॉवरपॉटसाठी दोन काड्या हातात घेतल्या होत्या, रेंजरबाईंनी हसतमुखाने त्या परत ठेवायला लावल्या. दंडापेक्षा ते हसू जास्त लागलं म्हणे.

## ५. आधी कागद, मग गवत

गाडी लावलीत की लगेच आत पळू नका. ते पार्किंग नेमकं एक एकराचं आहे, मुद्दाम तेवढं आखलेलं. अण्णांना हे सांगितल्यावर ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत गेले, उभं आणि आडवं, दोन गाड्यांना हात दाखवून थांबवलं, आणि परत येऊन म्हणाले, “चाळीस गुंठे भरतंय.” मग मागे वळून माळाकडे बघत स्वतःशीच पुटपुटले, “असे एकशे साठ.” तिथून पुढे त्यांना काही समजवावं लागलं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांनाही एक चक्कर मारायला लावा.

आत जाताना वाटेवर धातूच्या पत्र्यांची रांग आहे. ज्या ३० राज्यांत अशी जमीन दिली गेली त्यांचे आकार, आणि प्रत्येकात जेवढी जमीन वाटली तेवढा भाग कापून मोकळा ठेवलेला. नेब्रास्काच्या पत्र्यात जवळजवळ अर्धं भोक आहे, ४५ टक्के. त्या भोकातून पलीकडचं गवत दिसतं.

आत माहितीपट आहे, वीसेक मिनिटांचा. बघा. नंतर प्रदर्शन. मुलांना डेस्कवरून ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घेऊन द्या, म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल.

आता ती छापील प्रत. पाच वर्षं राहिल्याचा पुरावा म्हणून फ्रीमनने दाखल केलेला जबाब अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने आंतरजालावर ठेवला आहे. घरी छापून घ्या, तिथे माळाकडे तोंड करून बाकावर बसून वाचा. जुनं वळणदार हस्ताक्षर आहे, लागायला वेळ लागतो. आत काय आहे? घर काही भाग ओंडक्यांचं, काही भाग फळ्यांचं, १४ बाय २० फूट, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या, कौलासारख्या लाकडी पट्ट्यांचं छप्पर, फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीला आणलेले. एक तबेला. मेंढ्यांसाठी १०० फूट लांब छपरी. मक्याची कणगी. सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००.

अण्णांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. “हा पंचनामाच आहे की. दोन पंच आहेत, घराचं मोजमाप आहे, पीकपाहणी आहे, फळझाडांची नोंद वेगळी आहे. चतुःसीमा तेवढी नाही.” मी सांगितलं की चतुःसीमेची गरजच नाही. इथे आधी सगळी जमीन चौकोनांत मोजली, एक मैल बाय एक मैलाचा सेक्शन म्हणजे ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६०. हे ऐकून ते जरा खट्टू झाले. ‘पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुकचा बांध’ हे लिहिण्यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं.

साक्षीदार लागत तिथे खोटे साक्षीदारही मिळत. कायद्याच्या काळात एक युक्ती चाले म्हणतात: ‘१२ बाय १४’चं घर बांधलं असं शपथेवर सांगायचं आणि फूट की इंच ते बोलायचंच नाही. बाहुलीच्या घरावर जमीन खिशात. अण्णा इतके हसले की शेजारचं गोरं जोडपं वळून बघायला लागलं. “आमच्याकडे विहीर चोरीला गेल्याचा अर्ज असतो,” असं त्यांना समजावून सांगायचा माझा प्रयत्न मात्र फसला.

या सगळ्याला दीड-दोन तास जातात. जाऊ द्या.

## ६. पायवाटा

सगळ्या मिळून सुमारे तीन मैल, म्हणजे पाच किलोमीटरच्या आसपास. एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे मधूनच परत फिरता येतं. नकाशा डेस्कवर मिळतो. बहुतेक वाटा गवत कापून केलेल्या आहेत. चढ किरकोळ. पण आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल बुटाला धरतो, म्हणून व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर इमारतीजवळच थांबा, आणि कुठवर जाता येईल ते रेंजरला विचारा.

लाकडी घर नकाशावर बघून घ्या. हे फ्रीमनचं घर नव्हे. त्याचं घर आता उभं नाही. हे १८६७ सालचं पामर-एपर्ड घर, काही मैलांवरून उचलून इथे आणलेलं, पण काळ आणि बांधणी तीच. १४ बाय १६ फूट. त्यात पामर कुटुंब राहत होतं, दहा मुलांसह. उंबऱ्यावर उभं राहून आईने आत डोकावलं आणि पहिला प्रश्न विचारला, “चूल कुठाय आणि बाळंतीण कुठे निजायची?” मला उत्तर आलं नाही.

मग ओढा. कब क्रीक नाव असलं तरी ओढाच आहे, दोन्ही काठांना बर ओकची झाडी. उन्हाळ्यात सावली इथेच, उद्यानात दुसरीकडे नाही. तीन-तीन पानांच्या झुपक्याचं झुडूप वाटेकडेला दिसलं की हात मागे घ्या, ते पॉयझन आयव्ही. अंगाला लागलं तर दोन आठवडे खाजवत बसाल.

झाडीतून बाहेर पडलात की माळ. यासाठीच ऑक्टोबर. १०० एकरांच्या आसपासचा हा माळ जुना दिसतो, पण तो पुन्हा घडवलेला आहे. नांगरून नांगरून मूळ गवत गेलं होतं, १९३९ पासून ते परत लावायला घेतलं. गवत म्हणजे आपल्या कुरणातलं गुडघाभर गवत डोळ्यांपुढे आणू नका. बिग ब्लूस्टेम नावाचं यातलं मुख्य गवत माणसापेक्षा उंच होतं, सहा-सात फूट, त्याहूनही वर. त्याच्या तुऱ्याला तीन फाटे असतात, पक्ष्याच्या पायासारखे. एकदा ओळखता आलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. वाटेवर मध्यभागी थांबा, बोलणं बंद करा. वारा आधी लांब कुठेतरी ऐकू येतो, मग तांबूस लाट अंगावर येते आणि डोक्यावरून जाते. आम्ही तिघं चार हातांच्या अंतरावर होतो तरी आई मला दिसत नव्हती, फक्त तिच्या पिशवीचा आवाज येत होता.

गवत जेवढं वर, मुळं तेवढी खाली. हे जाळं इतकं घट्ट की पहिल्या नांगरटीला जमिनीच्या सलग पट्ट्या निघत आणि त्याच ढेपा विटांसारख्या रचून लोक घरं बांधत. झाडं नव्हतीच ना फारशी. फ्रीमनला ओढ्याची झाडी मिळाली म्हणून ओंडके मिळाले.

माळाच्या कडेला एक लांबलचक काटेरी रांग आहे, ओसेज ऑरेंजची. फ्रीमनने लावलेलं कुंपण. काटेरी तार बाजारात यायच्या आधी गुरं अडवायची तर हाच उपाय. आपल्याकडे शेर लावतात तसं. ऑक्टोबरात त्याखाली हिरवी, सुरकुतलेली, पपनसाएवढी फळं पडलेली असतात. दिसायला मेंदू, खायला निरुपयोगी. मुलांना हात लावू द्या, पण त्याचा चीक चिकट असतो.

नकाशावर फ्रीमन दांपत्याच्या थडग्यांची खूण आहे, तिथवर जा. डॅनियल १९०८ मध्ये गेला. ॲग्नेस १९३१ पर्यंत होती. तिची गोष्ट मला त्याच्या मध्यरात्रीच्या गोष्टीपेक्षा आवडते. तिचं लग्न ठरलं होतं त्याच्या भावाशी, तो यादवी युद्धात गेला. मग आयोवातल्या ॲग्नेसचा आणि नेब्रास्कातल्या डॅनियलचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि पत्रांतूनच जुळून १८६५ मध्ये लग्न झालं. ती इथे आली तेव्हा जमिनीचा कागद हातात यायला चार वर्षं बाकी होती.

पूर्ण फेरीला रमतगमत दोन तास. पंचाहत्तरीच्या माणसाला अडीच, त्यातला अर्धा तास ओढ्यावरच्या बसण्याचा.

## ७. शाळा सोडू नका

हेरिटेज सेंटरपासून पाव मैल पश्चिमेला, रस्त्याकडेला लाल विटांची एका खोलीची फ्रीमन शाळा आहे. १८७२ ते १९६७, जवळजवळ शंभर वर्षं चालली. आतून बघायची असेल तर डेस्कवर आधी विचारा.

बघण्यासारखं त्यात फळा आणि बाकं, पण ऐकण्यासारखं जास्त आहे. शाळेत बाई बायबल वाचून प्रार्थना घेतात, यावर म्हाताऱ्या फ्रीमनने आक्षेप घेतला. शाळेच्या मंडळाने ऐकलं नाही. तो नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. जमिनीसाठी मध्यरात्री कचेरी उघडायला लावणारा माणूस पुढे असा निघणारच, हे अण्णांचं मत. तलाठी कचेरीत असे अर्जदार ओळखीचे असतात.

## ८. जेवण आणि मुक्काम

उद्यानात जेवायला मिळत नाही. डबा न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा नेतो. बिॲट्रिसमध्ये पिझ्झा-सँडविच मिळतं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: इथे सगळीकडे ‘रन्झा’ची पाटी दिसेल. नेब्रास्काची शान आहे ती, बाहेरून बनपाव दिसतो, आत कोबी आणि गोमांसाचा खिमा असतो. कोबीचा वास येतो म्हणून फसू नका, विचारून घ्या.

मुक्कामाची गरज नाही. लिंकनमध्ये राहून एका दिवसात होतं. गावात राहिलातच तर दुसऱ्या दिवशी जुन्या रेल्वेमार्गावरची चीफ स्टँडिंग बेअर पायवाट बघा, ती बिॲट्रिसहून दक्षिणेला कॅन्ससच्या सीमेकडे जाते. सायकल असेल तर जास्त बरं.

## ९. घरी आल्यावर

दारातच कपडे उतरवा आणि धुण्याआधी ड्रायरमध्ये जोरात तापवून दहा मिनिटं फिरवा. गोचीड पाण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. मग अंघोळ, आणि काखा, गुडघ्यांमागे, कंबरेचा पट्टा, कानांमागे नीट बघा. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका यातलं काहीही नको. आईची पिशवी तयारच होती, तिला दोनदा सांगावं लागलं. नंतर ताप आला किंवा चट्टा उठला तर डॉक्टरांना ‘नेब्रास्कात गवतात चाललो होतो’ हे आवर्जून सांगा, भारतात परतला असाल तरी.

अमेरिकेत घर असेल तर अजून एक करा. जमिनींचे जुने मालकीकागद केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. हेरिटेज सेंटरमध्येही त्यासाठी संगणक आहेत. नावाने शोधाल तर एकाच नावाची चाळीस माणसं निघतात, म्हणून काउंटी (जिल्हा) आणि सरकारी मोजणीतले टाउनशिप, रेंज, सेक्शनचे आकडे टाका. हे आकडे बऱ्याचदा घराच्या खरेदीखतात असतात. अण्णांनी त्याच रात्री मला बसवलं आणि आमच्या घराखालच्या जमिनीचा पहिला कागद काढायला लावला. तो निघाला, होमस्टेडचाच. त्यांनी छापून घेतला, तारखा तपासल्या, आणि मग विचारलं, “याच्या आधीचा फेरफार?” मी म्हटलं, याच्या आधी काही नाही, रजिस्टर इथूनच सुरू होतं. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग लाल पेन मागून घेतला, कोपऱ्यात सवयीने ‘पाहिले’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि कागद आपल्या बॅगेत ठेवला.